आबांसमोर ‘खाली’ म्हणायचं नाही

रविवार, १० जून २००७
अंबरनाथ (पूर्व), टेकडीवरून

धम्मा, जय भीम.

एका स्टेशनाच्या अंतरावर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहिणारी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात मी एकटीच असेन. शेजारच्या गोजरबाईने विचारलं, “कोनाला लिवतंस गो, दुबईला?” मी म्हटलं, “हो, बदलापूर नावाच्या दुबईला. तिथले लोक फोन उचलत नाहीत.” आणि उचललास तरी काय, “ताई, आबांचा विषय असेल तर ठेवतो” म्हणतोस आणि ठेवतोस. पत्र फाडता येईल तुला, पण माझं बोलणं मधेच कापता येणार नाही. म्हणून हा खटाटोप.

सरळ मुद्द्यावर येते. आपल्या घराच्या मागच्या भिंतीला तडा गेलाय. मोरीतून निघून वर आईच्या फोटोच्या खिळ्यापर्यंत. दिवाळीत केसाएवढा होता. आबांनी सिमेंट भरलं, वर चुना मारला, झालं म्हणाले. एप्रिलमध्ये पुन्हा उघडला. आता माझं बोट आत जातं. आबांना दाखवलं तर म्हणतात, “घर श्वास घेतंय.” घर श्वास घेतं का रे कधी?

टेकडीच्या पायथ्याला पोकलेन लागलाय. मुरूम काढतात. सकाळी सातला घडघड सुरू होते आणि मांडणीवरची भांडी आपोआप नाचायला लागतात. मी एक दिवस कंपनीत जाता जाता ड्रायव्हरला गाठलं. “भैया, आमच्या घराखालची माती कुठे चालवलीत?” तो बिचारा चहा पीत होता. म्हणाला, “बदलापूर, दीदी. उधर बाढ आया था ना, अभी सब बिल्डर लोग भराव डाल रहे हैं.” समजलं का धम्मा? दोन वर्षांपूर्वी तुमच्यात पाणी शिरलं, म्हणून तुमची अंगणं उंच करायला आमच्या डोंगराचे पाय कापतायत. तुझ्या बिल्डिंगच्या कंपाउंडात तांबडी माती पडली असेल तर जपून पाय ठेव. ती आपलीच आहे.

माझं मागणं एवढंच आहे. पावसाळ्यापुरतं आबांना तुझ्याकडे ने. आमचं आम्ही बघू. राजेंद्रने उल्हासनगरला त्याच्या सेठकडे शब्द टाकलाय, जीन्सच्या कारखान्यामागे एक खोली मिळेल बहुतेक. पण आबा तिथे येणार नाहीत आणि मी म्हटलं म्हणून तुझ्याकडेही येणार नाहीत. तू बोलवायला हवं.

यशूला पापी. शीलाला सांग, तिची लोणच्याची बरणी अजून माझ्याकडे आहे.

तुझी,
माया ताई


रविवार, २४ जून २००७

धम्मा,

उत्तर नाही. असो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आपल्या घरात तर सुंभ पण जळत नाही.

तुला गंमत सांगते, म्हणजे गंमत नाहीच ती. बुधवारी पालिकेची माणसं आली होती. आपल्या ओळीतल्या सगळ्या दारांवर कागद चिकटवत चालली. आबा ओट्यावर पेपर वाचत बसलेले. त्यातल्या एकाने मोठ्या आवाजात वाचून दाखवलं, “सदर घरे धोकादायक असल्याने तात्काळ खाली करावीत.”

मी आत भाकरी थापत होते. माझा हात तिथेच थांबला. आता बघ म्हटलं.

आबा उठले. चष्मा काढला. “काय करावीत?”

“खाली करावीत, काका.”

“मी इथे खाली करायला आलेलो नाही. मी वर राहायला आलोय. लिहून घ्या.”

त्या पोराला काही कळलंच नाही. त्याला कसं कळणार? तो आपल्या घरात वाढलाय का? आपल्याकडे आई होती तेव्हापासून कोणी आबांसमोर ‘खाली’ म्हणत नाही. बाजारात जायचं तर “बाजारात जाऊन येते” म्हणायचं. टँकर आला तर “टँकर आला” एवढंच, खाली आला म्हणायचं नाही. लग्नानंतर राजेंद्र एकदा सहज म्हणाला होता, “खालीपिली टेन्शन घेऊ नका,” तर आबांनी भरलं ताट सरकवलं होतं. आठवतंय? आपण दोघं मोरीत जाऊन हसलो होतो.

मी माझ्या पोरांना हे कारण सांगायला गेले, तर त्यांना ते गोष्टीतलं वाटलं. तू यशूला सांगितलंयस का? सांग. मुरबाडकडच्या आपल्या गावात गाव वर आणि आपली वस्ती खालच्या अंगाला. गावाची गुरं ओढ्यात वर धुवायची, आपल्या आजीने त्याच ओढ्याचं पाणी खाली भरायचं. आबा सांगतात, “वरच्यांचं खरकटं, वरच्यांचा वारा, वरच्यांचं मेलेलं ढोर, सगळं उताराने आमच्याकडे यायचं.” म्हणून आगपेटीच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर लोक स्टेशनाजवळ चाळी बघत होते, तेव्हा सोमा नावाचा हा माणूस बायकोला घेऊन टेकडीवर चढला. दगड फोडले, जागा सपाट केली, घर बांधलं. पहिल्या दिवशी दारात उभं राहून म्हणाला होता म्हणे, “चांगुणे, आता कोणाच्या मोरीचं पाणी आपल्या दारात येणार नाही.”

मी एकदा म्हटलं होतं, “आबा, पण आपल्या मोरीचं पाणी गोजरबाईच्या दारात जातं ना?” दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः पाइप आणून गटारापर्यंत जोडला. असा माणूस आहे तो. त्याला अक्कल नाही असं समजू नकोस.

पण आता तडा दाराच्या चौकटीपर्यंत आलाय, धम्मा. कडी लागत नाही. मला भीती वाटते. हे मी कोणाला सांगत नाही, तुला सांगते.

माया ताई


बुधवार, ४ जुलै २००७

धम्मा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. त्यातल्या दोन तर माझ्या जिवाला लागल्या. “डोंगराने आईला खाल्लं, तरी त्यांचा डोंगर सुटत नाही. त्यांना यायचं तर दार उघडं आहे, पण मी बोलावणार नाही. मला जे बोलले ते मी विसरलेलो नाही.”

वा! दार उघडं आहे पण बोलावणार नाही. ताकाला जाऊन भांडं का लपवतोस?

आईचं बोलायचं तर बोलू. मी पण होते तिथे. तिच्या छातीत कळ आली, रिक्षावाला म्हणाला, चढणीवर गाडी येत नाही, पेशंटला आणा. आपण तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून निघालो. तू पुढचा पाय धरला होतास, चिखलात तुझी चप्पल राहिली. पाण्याच्या टाकीच्या वळणावर तिने मान टाकली. खालून रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता रे. तो हॉर्न अजून माझ्या कानात वाजतो. तू तेराव्याला नव्हे, त्याच रात्री आबांना म्हणालास, “तुमच्या मानपानापायी आई गेली.” आणि वर्षाच्या आत दारापर्यंत रिक्षा येईल असं घर बघितलंस, तळमजल्यावर, नदीच्या बाजूला. मी तुला तेव्हाही चूक म्हटलं नाही, आताही म्हणत नाही.

मग सव्वीस जुलै आला. तुझ्या घरात छतापर्यंत पाणी. शीला, यशू आणि तू, अंगावरच्या ओल्या कपड्यांनी दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत अंबरनाथला आलात आणि टेकडी चढलात. आबा टाकीच्या वळणापाशी उभे होते. त्यांनी यशूला खांद्यावर घेतलं आणि तुला म्हणाले, “शेवटी वरच आलास ना.”

हेच ना ते, जे तू विसरलेला नाहीस? आठवडाभर तू आमच्यात राहिलास, त्यांच्या हातचा चहा प्यायलास, पण त्यांच्याशी बोलला नाहीस, आणि पाणी ओसरल्याबरोबर निघून गेलास ते आजपर्यंत.

अरे गाढवा! (मोठी बहीण आहे, म्हणणारच.) तुला तो टोमणा वाटला. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर टोमणाच होता. पण कोणाच्या तोंडचा शब्द आहे ते बघशील की नाही? त्या माणसाच्या तोंडात ‘वर’ यापेक्षा मोठा शब्दच नाही. तो पहाटेपासून त्या वळणावर पावसात उभा होता. ज्या वळणावर आई गेली तिथेच. तिथून स्टेशनाचा रस्ता दिसतो म्हणून. राजेंद्र छत्री घेऊन गेला तर त्याला परत पाठवलं. “धम्मा आला की येतो,” म्हणाले. तू दिसलास आणि त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. “जिवंत आलास,” “माझ्याजवळ आलास,” “बरं झालं,” हे सगळं त्या एका शब्दात होतं. तू त्यांचा मुलगा असून तुला कळलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

डोंगर चांगला का वाईट यावर तुम्ही बापलेक भांडत बसलात. मला विचार ना! मी रोज दोन हंडे घेऊन चढते, मला विचार. गुडघे जातात, टँकर लेट झाला तर पोरं आंघोळीशिवाय शाळेत जातात. पण सगळं अंबरनाथ पाण्यात होतं तेव्हा माझी चूल कोरडी होती आणि त्या चुलीवर तुझ्या पोरीला पेज मिळाली. डोंगराला एक धड रस्ता दिला असता तर आई कदाचित जगली असती. त्याचा पाय कापला नसता तर भिंत फाटली नसती. डोंगर तिथेच बसलाय बिचारा, जे केलं ते माणसांनी केलं.

तू आता चौथ्या मजल्यावर राहतोस असं शीलाने सांगितलं. लिफ्ट नाही म्हणे. म्हणजे तूही वरच गेलास की रे.

माया ताई

ता. क. शीलाला रागावू नकोस. मीच तिला माझ्या कंपनीच्या नंबरवर फोन करायला लावते.


सोमवार, ९ जुलै २००७

धम्मा,

गोजरबाईचं घर गेलं.

शनिवारपासून पाऊस थांबलाच नव्हता. काल दुपारी जेवायला बसलो होतो. आधी पोत्यातून तांदूळ ओतल्यासारखा आवाज आला. मग एकदम धप्प. बाहेर धावलो तर तिची मागची भिंत नव्हती. चूल, कपाट, देव्हारा, सगळं उघड्यावर आणि त्याच्यामागे नुसती तांबडी दरड. गोजरबाई रेशनच्या लाइनीत होती म्हणून वाचली. आली ती छाती बडवत, “अगो माये, माजी भित गेली गो!” आणि मग वेड्यासारखी देव्हाऱ्यातला दिवा पुसत बसली. तिला ओढून आणलं.

आमच्या भिंतीत आता माझा हात जातो. त्यातून गार वारा येतो आणि ओल्या मातीचा वास.

राजेंद्रने लगेच पोरांना उल्हासनगरच्या खोलीवर नेलं. सेठ भला माणूस, म्हणाला, “भाऊ, किराया बाद में, पहले बच्चा लोग को ला.” खोली एकच आहे, तळमजल्यावर, नाल्याला लागून. मी आबांना म्हटलं, चार दिवस चला. त्यांनी मला विचारलं, “नाला घराच्या वरच्या अंगाला आहे का खालच्या?” मी म्हटलं, “लागूनच आहे.” ते म्हणाले, “माया, मी ओढ्याच्या काठी जन्मलो. नाल्याच्या काठी मरणार नाही. तुम्ही जा.”

मी रडले. ओरडले. म्हटलं, “आबा, इथे मराल!” तर हसले. “मग काय, वरच जायचंय ना?” असला विनोद. मला इतका राग आला की हातातली तवली आपटली. तिला पोचा पडलाय, बघायला येशील तेव्हा दाखवीन.

पोलीस येऊन गेले. पालिकेवाले पुन्हा आले. आबा कोपऱ्यात खाट टाकून बसलेत. चौघांनी उचलून न्यायचं म्हटलं तर तेही होईल, राजेंद्र तयार आहे. पण मी नको म्हटलं. आईला उचलून नेलं होतं आपण. त्या वळणावरून दुसऱ्यांदा कोणाला खुर्चीत घालून नेताना मला बघवणार नाही. आणि उचलून नेलेला माणूस रात्रीत परत चढून येईल, तू ओळखतोस त्यांना.

ते जात नाहीत तोवर मी जाणार नाही. हे धमकी म्हणून लिहीत नाहीये. बापाला तड्यापाशी ठेवून मला दुसरीकडे झोप लागणार नाही, एवढंच. राजेंद्र माझ्याशी भांडून पोरांकडे गेलाय.

मी तुला परत विचारते. बोलावशील का?

माया


बुधवार, ११ जुलै २००७, सकाळ

धम्मा,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. राजेंद्र तुझ्या दारात उभा आहे, त्याच्या हातून तुला मिळालं. त्याला आत घे, भिजला असेल. मग पुढचं वाच, पण पटापट वाच.

तुझं उत्तर आलं नाही. कदाचित टपाल अडकलं असेल, पाऊस आहे. कदाचित तू लिहिलंच नसशील. मला आता थांबता येत नव्हतं. पहाटे मोरीची फरशी मधोमध चिरली. म्हणून मी आबांना खोटं सांगितलं. म्हटलं, “काल कंपनीत धम्माचा फोन आला होता.”

त्यांनी मान वर केली नाही. “काय म्हणाला?”

“म्हणाला, आबांना म्हणावं, वर या.”

धम्मा, मी आजवर त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. बोलले ते एवढंच. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग हळूच विचारलं, “‘वर’ असं म्हणाला? त्याच्या तोंडाने?”

“हो, आबा. चौथ्या मजल्यावर घर आहे त्याचं.”

मग उठले. दाढी केली. पांढरा शर्ट घातला, तो कार्यक्रमाला घालतात तो. भिंतीवरचे फोटो एकेक करून उतरवले, आईचा सगळ्यात शेवटी, आणि टॉवेलात गुंडाळले. तो खिळा आपोआप हातात आला, इतकी भिंत पोकळ झालीय. त्यांनी तो खिळासुद्धा खिशात टाकला. तुझ्या भिंतीला लावायला म्हणून, असं मला वाटतं. विचारायची हिंमत झाली नाही.

टेकडी स्वतःच्या पायांनी उतरणार म्हणाले. मी राजेंद्रला बोलावून घेतलं.

निघताना मात्र दोन अटी घातल्या. पहिली, “ज्याने बोलावलंय त्याने हाक मारायची. जावयाने दार वाजवलेलं चालणार नाही. मी जिना चढणार नाही.” दुसरी, “त्याने हाक नाही मारली तर मी परत येणार. तू घर उघडं ठेव, कुलूप लावू नकोस.” मी शब्द दिलाय. आपल्या घरातला शब्द काय असतो ते तुला सांगायला नको.

म्हणून मी इथे बसलेय. पोकलेन आज बंद आहे. सगळं एवढं शांत आहे की मागे माती गळते तीसुद्धा ऐकू येते. आबा तुझ्या घरात गेले की राजेंद्र कंपनीच्या वॉचमनच्या मोबाइलवर मिस कॉल देईल. वॉचमनचा पोरगा सायकलवरून येऊन खालून शिट्टी मारेल. शिट्टी ऐकली की मी कुलूप लावून पोरांकडे निघते. नाही ऐकली तर आबा येईपर्यंत मला इथेच थांबायचंय.

आता गॅलरीत जा. तुझे वडील त्या तांबड्या भरावावर उभे असतील, हातात टॉवेलाचं गाठोडं घेऊन, छत्री न उघडता. ते खाली उभे आहेत, धम्मा. हो, खाली. आयुष्यभर जो शब्द कानावर पडू दिला नाही, तिथे ते आज तुझ्यासाठी जाऊन उभे राहिलेत.

तुला दोनच शब्द बोलायचेत. मी ते तुझ्या नावाने आधीच बोलून बसलेय, तू फक्त खरे कर. आईचं, डोंगराचं, त्या दिवसाचं, सगळं भांडण जेवल्यावर करा, रात्रभर करा.

जोरात हाक मार. मशिनींनी त्यांचा डावा कान गेलाय.

ताई